न उठणारा संगणक : कारणे आणि उपाय



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की तो मजुरीवर, संपावर किंवा कायद्यावर बोलणार अशी आपली अपेक्षा असते, आणि ती गैर नाही. आज मात्र आम्ही एका लहानशा यंत्राविषयी बोलणार आहोत. हे यंत्र पत्त्याच्या कॅटाएवढे आहे. त्याच्या पोटात नखाएवढे एक कार्ड बसते, आणि एखाद्या सकाळी ते कार्ड वाचता आले नाही म्हणजे यंत्र मुकाट पडून राहते. ते असे का पडते आणि त्याला पुन्हा कसे उठवावे, एवढाच आजचा विषय. विषय दिसावयास लहान आहे. परंतु त्या कार्डावर माणसांच्या कष्टाचा हिशेब ठेवलेला असला म्हणजे तो तेवढा लहान राहत नाही.

आमचे शाळेतले शिक्षण थोडके. हे यंत्र आम्ही पुस्तके वाचून, आणि त्याहून अधिक ते बंद पडले असता समोर घेऊन बसून शिकलो. म्हणून तंत्रनिकेतनातल्या मुलांना आमचे बोलणे काहीसे ओबडधोबड वाटेल. पण समोर बसलेले दुकानदार, शिक्षक, गिरणीतले मुनीम आणि आमच्या भगिनी यांना ते समजावे, एवढ्याच बेताने आम्ही ते मांडणार आहोत.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. या जातीच्या यंत्रांत सर्वांत प्रसिद्ध झाले ते रास्पबेरी पाय. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी इंग्लंडातील केंब्रिज येथून ते विक्रीस निघाले. एबेन अप्टन आणि त्यांचे सहकारी यांचा हेतू असा होता की शाळकरी मुलांना मोडतोडीची भीती न बाळगता शिकता येईल असा स्वस्त संगणक असावा. त्यातील एका नमुन्याची किंमत त्यांनी ३५ डॉलर ठेवली. या बोर्डावर लिनक्स चालते. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ज्या प्रणालीचा गाभा लिहून जगापुढे ठेवला, आणि पुढे हजारो लोकांनी जी वाढविली, ती ही प्रणाली. ती कोणीही घ्यावी, वाचावी, बदलावी आणि दुसऱ्यास द्यावी. कामगाराला हे तत्त्व पटावयास वेळ लागत नाही.

टेबलावरच्या मोठ्या संगणकात माहिती साठविण्याची डिस्क आत बसविलेली असते. या लहान बोर्डात बहुधा ती नसते. प्रणाली, तिचे नियम, आपले कागद, आपली छायाचित्रे हे सारे त्या एका मेमरी कार्डावर. हे एसडी कार्ड १९९९ साली सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून काढले. कॅमेऱ्यातली छायाचित्रे आणि गाणी ठेवावीत हा त्याचा मूळचा उपयोग. रात्रंदिवस चालणाऱ्या संगणकाने त्यावर मिनिटामिनिटाला काही लिहावे, यासाठी ते काही जन्मले नव्हते. आपण घोड्याचे काम शेळीला दिले आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

आता आमच्यासारख्यांना या यंत्राची गरज का पडली, तेही सांगितले पाहिजे. गोंदिया आणि भंडारा हा तेंदूपत्त्याचा आणि बिडीचा मुलूख. येथे बिडी वळणारे हात मुख्यतः बायकांचे, आणि त्या घरी बसून वळतात. पान आणि तंबाखू घरी यावयाचे, बिडी मोजून परत जावयाची, आणि मजुरी हजारावर ठरावयाची. घरी बसून काम करणारी ही बाई कामगार आहे की नाही, याचाच वाद वर्षानुवर्षे चालला. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की घरी बिडी वळणारीलाही भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू आहे. हक्क मिळाला. पण हक्क मागावयास पुरावा लागतो. कोणत्या महिन्यात किती दिवस काम केले, किती हजार बिडी दिली, वहीत नाव ‘शांताबाई’ आहे की नुसते ‘शांता’, यावर म्हातारपणीचे चार पैसे अवलंबून असतात. वही घरात चुलीशेजारी राहते. तिला वाळवी लागते, पावसाचे पाणी लागते. म्हणून युनियनच्या खोलीत आम्ही त्या वह्यांच्या पानांची छायाचित्रे काढून ठेवू लागलो, आणि त्यासाठी हा लहान बोर्ड घेतला. तो थोड्या वॅटवर चालतो आणि कोपऱ्यात मावतो.

असे हे यंत्र एके दिवशी उठत नाही. तेव्हा काय करावे?

गोंदियाच्या माणसाला आगगाडी शिकवावी लागत नाही. बल्लारशाहकडे निघालेली गाडी वडशाला वेळेवर पोचली नाही, तर ‘गाडी मेली’ असे कोणी म्हणत नाही. सौंदड सोडले का, अर्जुनी सोडले का, असे विचारतात. शेवटचे कोणते स्टेशन तिने सोडले हे कळले म्हणजे ती कोठे अडली हे कळते. संगणक सुरू होण्याची क्रियाही अशीच स्टेशनास्टेशनाने चालते. तिला ‘बूट होणे’ म्हणतात. स्वतःच्याच बुटाचे पट्टे ओढून स्वतःला उभे करणे, अशी त्या शब्दामागची मूळ कल्पना आहे. लहान कार्यक्रमाने आपल्याहून मोठ्या कार्यक्रमाला उठवावे, त्याने त्याहून मोठ्याला, अशी ती साखळी आहे.

पहिले स्टेशन विजेचे. बोर्डाला ५ व्होल्ट लागतात, आणि तेही कामाच्या भरात टिकून राहावे लागतात. रास्पबेरी पाय ३ ला २.५ अँपिअरचा आणि पाय ४ ला ३ अँपिअरचा अडॅप्टर वापरावा असे बनविणारेच सांगतात. आपण काय करतो? मोबाइलचा जुना चार्जर आणि बाजारातली बारीक, लांब वायर लावतो. बोर्डाने जरा जोर केला की व्होल्टेज खाली येते. ते ४.६३ व्होल्टच्या खाली गेले म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यात विजेची खूण उमटते, आणि पुष्कळ नमुन्यांत लाल दिवा मिणमिणतो. ज्याला लोक ‘कार्ड खराब’ म्हणतात, त्यातले पुष्कळ दुखणे येथेच असते.

दुसरे स्टेशन मुख्य चिपच्या आतले. तिच्यात कारखान्यातच कोरलेला एक छोटा कार्यक्रम असतो. तो पुसला जात नाही. रास्पबेरी पायची गंमत अशी की मुख्य गणकाच्या आधी चित्रे काढणारा भाग जागा होतो, आणि मुख्य गणक तोवर झोपवून ठेवलेला असतो. पाय ३ पर्यंतच्या बोर्डांत हा भाग कार्डावरच्या पहिल्या लहान कप्प्यात ‘बूटकोड’ नावाची फाइल शोधतो. २०१९ सालच्या पाय ४ पासून तो कार्यक्रम बोर्डावरच्याच एका वेगळ्या चिपमध्ये ठेवला आहे.

तिसरे स्टेशन ‘स्टार्ट’ फाइलचे. ती ‘कॉन्फिग’ नावाची नियमांची फाइल वाचते, आणि पडद्यावर सप्तरंगी चौकोन दिसतो. चौथे स्टेशन लिनक्सच्या गाभ्याचे. त्याला कर्नल म्हणतात. तो आला की पुष्कळदा पडद्यावर अक्षरांच्या ओळी धावू लागतात. पाचवे स्टेशन कार्डाच्या दुसऱ्या, मोठ्या कप्प्याचे. प्रणालीचा सारा संसार आणि आपले कागद तेथे असतात. कर्नलला हा कप्पा सापडला आणि उघडता आला म्हणजे गाडी मुक्कामाला पोचली असे समजावे.

आता अडलेली गाडी ओळखावयाची कशी? पुष्कळ नमुन्यांत बोर्डावर लाल आणि हिरवा असे दोन दिवे असतात. लाल दिवा नाही, तर वीज नाही. लाल स्थिर आहे पण हिरवा एकदाही लुकलुकत नाही, तर पाय ३ पर्यंतच्या बोर्डांत समजावे की कार्ड वाचलेच जात नाही. ते खाचेत नीट बसलेले नाही, त्याच्या धातूच्या पट्ट्यांवर मळ आहे, किंवा त्यावर पहिला कप्पाच धड नाही. हिरवा दिवा मोजून लुकलुकत असेल तर तो आपल्याशी बोलतो आहे असे समजा. चार वेळा लुकलुकून थांबतो आणि पुन्हा चार वेळा लुकलुकतो, तर ‘स्टार्ट’ फाइल सापडत नाही. सात वेळा, तर कर्नल सापडत नाही. दोन वेळा लांब आणि एकदा आखूड, तर पहिला कप्पा त्याला समजणाऱ्या पद्धतीचा नाही. सप्तरंगी चौकोन येऊन तेथेच थिजला, तर तिसरे स्टेशन सुटले आणि चौथे आले नाही. ओळी धावल्या आणि ‘रूट फाइल सिस्टिम उघडता येत नाही’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य येऊन सारे थांबले, तर चार स्टेशने निर्वेध पार पडली असून दोष पाचव्यावर आहे. दहा मिनिटे शांतपणे पाहिले तर शंभर शक्यतांच्या दोन-तीन उरतात. ज्याने पाहिलेच नाही, तो मात्र शंभर उपाय करीत बसतो.

तपासणीचा क्रम आम्ही असा ठेवला आहे. आधी बोर्डाला लावलेले कीबोर्ड, पेन ड्राइव्ह, पंखा हे सारे काढावे. मग चांगला अडॅप्टर आणि जाड, आखूड वायर लावून पाहावे. मग कार्ड काढून कोरड्या, मऊ कापडाने पुसून पुन्हा बसवावे. मग दुसरे, चालू असलेले कार्ड त्याच बोर्डात घालावे. ते चालले तर बोर्ड निर्दोष. आपले कार्ड दुसऱ्या बोर्डात घालावे, पण तो बोर्ड त्याच नमुन्याचा असावा, कारण पाय ४ निघण्यापूर्वीची जुनी प्रणाली पाय ४ वर चालत नाही, आणि मग चांगल्या कार्डावर उगाच आळ येतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या आणि यंत्र चालू झाले, तर कशाने चालू झाले हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी आपण पुन्हा अडाणीच.

हे सर्व प्रत्यक्षात कसे होते ते एका प्रसंगाने सांगतो. मे महिन्यातली वावटळ आली, वीज तीन-चार वेळा आली-गेली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या खोलीतला बोर्ड उठेना. शनिवारपर्यंतची छायाचित्रे दुसऱ्या डिस्कवर होती. त्यानंतरच्या पाच दिवसांत गावोगावहून आलेल्या वह्यांची पाने मात्र त्या कार्डावरच होती, आणि वह्या परत गेल्या होत्या. मदतीला आलेल्या एका तरुणाने पाहताच सांगितले, “काका, फॉरमॅट मारा, पाच मिनिटांत नवीन होईल.” त्याचे खोटे नव्हते. यंत्र नवीन झाले असते, आणि पाच दिवसांच्या बायका पुसल्या गेल्या असत्या. आम्ही कार्डाला हात लावू दिला नाही. लाल दिवा मिणमिणत होता म्हणून अडॅप्टर बदलला. दिवा स्थिर झाला, ओळी धावल्या, आणि पाचव्या स्टेशनावर गाडी थांबली. तेव्हा कार्ड काढून लिनक्सच्या दुसऱ्या संगणकाला लावले आणि ‘डीडीरेस्क्यू’ नावाच्या साधनाने त्याची कणनकण नक्कल केली. हे साधन आधी जे सहज वाचता येते ते सारे उचलते, आणि अडलेल्या जागांकडे मागाहून पुन्हा वळते. त्यानंतरची दुरुस्ती आम्ही नकलेवर केली, मूळ कार्डावर नाही.

दुरुस्ती काय केली तेही सांगतो. लिनक्सच्या कप्प्याच्या आरंभी त्याचे मुख्य सूचीपान असते. ते फाटले तर कप्पा उघडत नाही. पण बनविणाऱ्यांनी शहाणपणाने त्या पानाच्या प्रती कप्प्यातच आणखी काही ठिकाणी ठेवलेल्या असतात. मुख्य नोंद फाटली तर दुसऱ्या कचेरीतली प्रत उपयोगी पडते, तसा हा प्रकार. ‘एफएससीके’ या तपासनिसाला त्या प्रतीकडे बोट दाखविले, त्याने जोडाजोड केली, आणि छायाचित्रे दिसू लागली. एक पान अर्धे राखाडी आले. त्या बाईंच्या घरी जाऊन वहीचे छायाचित्र पुन्हा काढले. बाकी सारे हाती लागले.

यावरून जो नियम आम्ही भिंतीवर लिहून ठेवला तो असा : आधी नक्कल, मग दुरुस्ती.

हा नियम मोडावयास लावणारा एक सापळा आहे, तो प्रत्येकाने ओळखून ठेवावा. असे कार्ड विंडोजच्या संगणकात घातले तर त्याला पहिला लहान कप्पाच समजतो. मोठा लिनक्सचा कप्पा त्याच्या ओळखीचा नसतो. मग तो नम्रपणे विचारतो की हे वापरण्यापूर्वी फॉरमॅट केले पाहिजे, करू काय? पुष्कळ भली माणसे तेथे ‘होय’ म्हणतात. कार्ड त्या क्षणापर्यंत निर्दोष असू शकते! संगणकाला आपली भाषा येत नाही म्हणून आपण निरक्षर ठरत नाही. तेव्हा ‘नाही’ म्हणावे आणि खिडकी बंद करावी.

नवे कार्ड तयार करतानाही काही ठेचा लागतात. प्रणालीची फाइल कार्डावर नुसती नकलून ठेवली तर यंत्र उठत नाही. ती ‘इमेजर’सारख्या साधनाने कार्डावर लिहावी लागते, म्हणजे कप्पे आपोआप पडतात. लिहिल्यावर पडताळणी होते, ती घाईने सोडू नये. बाजारात खोटी कार्डेही येतात. वर ६४ जीबी छापलेले आणि आत ८ जीबी, असा तो व्यवहार. अशा कार्डावर आरंभी सारे ठीक चालते, आणि खरी जागा संपली की पुढचे लिखाण नाहीसे होते किंवा मागचे बिघडविते. ‘एफथ्री’ नावाचे मोफत साधन कार्ड पूर्ण भरून, पुन्हा वाचून त्याची खरी मोजणी सांगते. बिडीचा कट्टा आपण मोजून घेतो; कार्डही मोजून घ्यावे.

म्हाताऱ्या कार्डाचे एक चमत्कारिक लक्षण आहे. आपण फाइल पुसावी, यंत्र बंद करून चालू करावे, आणि फाइल जागच्या जागी परत यावी. भूतबाधा नव्हे. कार्डाच्या आतल्या चिपचे भाग ठराविक वेळाच पुसून लिहिता येतात. ती ताकद संपली की कित्येक कार्डे लिहिणे सोडतात आणि केवळ वाचू देतात. जाता जाता ते तुम्हाला हिशेब परत नेण्याची संधी देते आहे. तीच घ्यावी, आणि कार्डाला निवृत्ती द्यावी.

हे सर्व रास्पबेरी पायपुरते नाही. दुसऱ्या बोर्डांत स्टेशनांची नावे बदलतात, मार्ग तोच. बीगलबोन ब्लॅक या २०१३ सालच्या बोर्डात आतच साठवण असते आणि तो आधी तेथूनच उठतो. कार्डावरून उठवावयाचा असेल तर कार्डाजवळचे बटण दाबून धरून वीज द्यावी लागते. हे ठाऊक नसलेला माणूस चांगले कार्ड दहा वेळा लिहीत बसतो.

दुखणे येऊच नये म्हणून काय करावे? यंत्र वायर ओढून बंद करू नये. बंद होण्याची आज्ञा द्यावी आणि हिरवा दिवा शांत झाल्यावरच वीज काढावी. लिहिणे चालू असता वीज गेली तर कार्ड अर्ध्या वाक्यात राहते, आणि उन्हाळ्यातल्या वादळात आपल्याकडे वीज कशी जाते ते आपण जाणता. म्हणून लहान बॅटरीचा आधार द्यावा. जे यंत्र केवळ दाखविण्याचे काम करते, त्याचे कार्ड ‘केवळ वाचनासाठी’ करून ठेवण्याची सोय प्रणालीत आहे, ती वापरावी. महत्त्वाचे कागद कार्डावर न ठेवता वेगळ्या डिस्कवर ठेवावेत, त्याची दुसरी प्रत दुसऱ्या घरात असावी, आणि महिन्यातून एकदा ती प्रत उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेली मजुरी.

शेवटी एक गोष्ट सांगावयाची आहे, आणि तीसाठीच आम्ही हा विषय निवडला. पूर्वी मजुराचा हिशेब ज्याच्या वहीत, त्याच्या हाती मजूर, अशी स्थिती होती. वाचता येत नव्हते म्हणून अंगठा उठविला आणि हक्क गेला, अशी उदाहरणे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिली आहेत. आज हिशेब वहीतून यंत्रात गेला आहे. यंत्र न उठले तर आपण एका ‘जाणत्या’ माणसाच्या तोंडाकडे पाहतो, आणि तो म्हणेल ते खरे मानतो. तो फॉरमॅट म्हणाला तर फॉरमॅट! हा अंगठा उठविण्याचाच नवा प्रकार आहे. म्हणून आमच्या खोलीत बिडी वळणाऱ्या बायकांच्या मुलींना आम्ही प्रथम दिवे वाचावयास शिकविले. चार वेळा म्हणजे काय, सात वेळा म्हणजे काय, हे त्या न पाहता सांगतात. नक्कल कशी काढावी हे त्यांतल्या दोघींना येते, आणि तिसरी शिकते आहे. एकालाच येते ती विद्या कुलपासारखी असते. तिघींना आली म्हणजे संघटनेची होते.

तेव्हा आपल्या शाळेत, दुकानात, ग्रामपंचायतीत असा एखादा बोर्ड मुकाट पडलेला दिसला, तर तो भंगारात देण्यापूर्वी एवढे विचारा : वीज पुरी आहे काय, दिवा काय सांगतो, कोणते स्टेशन सुटले, आणि कार्डाची नक्कल झाली काय? एवढ्यावर पुष्कळ यंत्रे उठतील. जी उठणार नाहीत, त्यांच्या पोटातले कागद तरी वाचतील.